मच्छरदाणीची वाटणी

३ नोव्हेंबर

विमानाचे वरचे दोन्ही पंख दादाकडेच आहेत. वहिनीने आज फोनवर स्वतः कबूल केलं. इतकी वर्षं दादा सांगत आला की ते वाळवीने खाल्ले. मग म्हणाला, भंगारात गेले. मध्यंतरी पुरात वाहून गेल्याचंही माझ्या कानावर आलं होतं; त्याचं घर टेकडीवर आहे. प्रत्यक्षात ते त्याच्या गॅरेजच्या छताला दोरांनी टांगलेले आहेत आणि त्यांच्यापायी घरची गाडी वर्षानुवर्षं रस्त्यावर पावसात उभी असते. "मी कंटाळले गं त्या पंखांना," वहिनी म्हणाली. "पण मी सांगितलं असं सांगू नकोस."

वर्तमानपत्राच्या डेस्कवर हयात गेली. एकाच माणसाच्या तोंडची बातमी मी कधी छापली नाही. म्हणून धाकट्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मला केव्हाचं माहीत आहे. गॅरेजच्या खिडकीतून टोक दिसतं."

"तू त्याच्या गल्लीत कशाला जातोस?"

"तिथे एक न्हावी चांगला आहे."

धाकट्याला टक्कल पडून दहा वर्षं झाली.

तर बातमी पक्की. बाबांचं शिकवायचं दुपंखी विमान इथल्या विमान संग्रहालयाला हवं आहे. तेरा डिसेंबरच्या रविवारी नव्या दालनाचं उद्घाटन आहे आणि त्या दिवशी ते उडताना दिसावं अशी त्यांची इच्छा. असली विमानं जोडता-उतरवता येणारा एकच मिस्त्री उरलाय, आणि तो वर्षाअखेर हत्यारं आवरून लेकीकडे कायमचा राहायला जाणार आहे. म्हणजे आत्ता जुळलं तर जुळलं, नाहीतर विमान जन्मभर दोन भावांच्या घरी अर्धं अर्धं. संग्रहालयाच्या प्रमुखाने मला विमानाचा इतिहास लिहायला सांगितला आहे, आणि जमल्यास भावांची समजूत काढायला. इतिहास लिहीन म्हटलं. समजूत असलेल्यांची काढतात.

६ नोव्हेंबर

इतिहासाला हात घातला. प्रमुखसाहेब दर वाक्यात एकदा 'वारसा' म्हणतात, तेव्हा मनातल्या मनात त्यांचं नाव वारसासाहेब ठेवलं आहे. त्यांना विमानाबद्दल काहीच माहीत नाही, पण अभिमान भरपूर आहे.

"युद्धातली काही कामगिरी असेल ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. शेकडो मुलांना त्यात उलट्या झाल्या."

ते हसले नाहीत. पण खरं तेच आहे. लढाईच्या काळात ते लाकडी पेट्यांतून जहाजाने आलं. त्याने कोणावर गोळी झाडली नाही. पोरं त्यावर शिकली आणि दुसऱ्या विमानांत बसून मरायला गेली. लढाई संपल्यावर सैन्याने ते कवडीमोलाने फुंकून टाकलं. पिकांवर औषध फवारणाऱ्या एकाने घेतलं, पुढची बैठक उपटून तिथे टाकी बसवली. त्याच्याकडून बाबांनी घेतलं, टाकी काढली, बैठक परत बसवली, आणि गावाबाहेरच्या गवताळ मैदानावर शिकवायला सुरुवात केली. औषधाचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

वारसासाहेबांसाठी रचना सोप्या शब्दांत लिहून दिली. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पंखांच्या मध्ये खांब आणि तारा. दोन उघड्या बैठका, एकीमागे एक. शिकवणारा पुढे, शिकणारा मागे. एकट्याने उडवायचं तेव्हाही मागूनच उडवायचं; पुढची जागा रिकामी ठेवायची आणि तिथला पट्टा आवळून बांधायचा, म्हणजे तो लोंबकळून तिथल्या विमान वळवायच्या दांड्यात अडकत नाही. शिकवणाऱ्याच्या तोंडापासून शिकणाऱ्याच्या कानांपर्यंत रबरी नळी. बोलणं एकाच दिशेने. उत्तर द्यायची सोय नाही. आमच्या घरातही हीच पद्धत होती.

शिकाऊ मुलं विमानाला मच्छरदाणी म्हणत. हे नाव साहेबांनी खोडलं. "यात वारसा दिसत नाही," म्हणाले. त्यांनी 'गगनवीर' सुचवलं. वारा समोरून असला की खालची घोडागाडी ज्याला मागे टाकायची, तो गगनवीर.

९ नोव्हेंबर

साहेबांना छापायला नको असलेला भाग निदान इथे तरी लिहिते.

बाबा गेल्यावर वाटणीला काका बसले. काकांनी आयुष्यात दोन-चार वेळाच विमान जवळून पाहिलं असेल, पण वाटण्या रगड केल्या होत्या. घर झालं, जागा झाली, भांडी झाली. मग शेडमध्ये आले, विमानाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पंख चार आहेत. सोपं आहे."

थोरला म्हणून वरचे दोन दादाला. धाकटा म्हणून खालचे दोन धाकट्याला. इंजिन आणि त्याचा पंखा दादाला, सांगाडा आणि शेपूट धाकट्याला. चाकं दोन होती, एकेक.

मला हसू फुटलं. काका म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे? समान झालं." आणि माझे दोन्ही सुशिक्षित भाऊ गंभीरपणे माना डोलावत उभे होते. 'तू घे' हे दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही.

मग खांब आणि तारा उरल्या. त्या वरच्या पंखांच्या की खालच्या, यावर दोघांचं इतकं बिनसलं की बोलणंच बंद झालं, ते आजतागायत. शेवटी काका म्हणाले, हिच्याकडे राहू देत. मी हक्क सोडल्याची सही आधीच केली होती. आईचं शिवणयंत्र माझ्याकडे आलं, तेही अखंड, कारण ते कोणाला नको होतं. खांब माझ्या माळ्यावर आहेत, तारा पलंगाखाली. नुसती अडगळ. दर वर्षी तेल लावावं लागतं, नाहीतर गंज घरभर होतो.

१२ नोव्हेंबर

धाकट्याकडे जाऊन आले. सांगाडा मागच्या बंदिस्त व्हरांड्यात आहे. तो मावावा म्हणून स्वयंपाकघराची भिंत आत सरकवली आहे. धाकटी भावजय त्या उरलेल्या जागेत आडवी होऊन वावरते. खालचे पंख दिवाणखान्याच्या भिंतीला, वर पांढरी चादर. पाहुण्यांना ते पडदे वाटतात.

"चहा कुठे देऊ?" धाकटीने नवऱ्याला विचारलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "यांना संध्याकाळचा चहा त्याच्यात बसूनच लागतो. मागच्या बैठकीत."

"पुढे का नाही?"

"ती बाबांची," धाकटा म्हणाला.

साठीला आलेला माणूस चाकं नसलेल्या सांगाड्यात बसून चहा पितो. चाक नाही असंही नाही. एक आहे, ते पलंगाशेजारी असतं. मी कागद पुढे केला: रविवारपुरतं जोडू द्या. तो म्हणाला, "दादा काय म्हणतो?"

"त्याला अजून विचारलं नाही."

"इंजिन ठेवलंय का नीट? की त्याचीही वाट लावली?"

"तुला काय करायचंय?"

"छे, मला काय. सहज विचारलं."

दुसऱ्याचं किती वाटोळं झालं याची ही उत्सुकता. दुसरं काय असणार.

१५ नोव्हेंबर

रविवार. दादाच्या दारात पाय ठेवला तेव्हाच धडधड ऐकू आली. इंजिन अंगणात लोखंडी घोडीवर बसवलंय, पंख्याच्या जागी लाकडाचा आखूड ठोकळा. दर रविवारी सकाळी तो ते पाच मिनिटं चालवतो. बोलायचं काही नसताना एखादा नुसता घसा खाकरत राहतो, तसं.

"संपादकीणबाई, आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"हे कशासाठी चालवतोस?"

"बंद ठेवलं तर आतून धरतं."

"धरू दे. बाकी विमान कुठे आहे?"

"त्याने सांगाडा विकला असेल एव्हाना."

"नाही विकला."

"मग ओल लागली असेल. लहानपणापासून आळशी तो." थोडा वेळ हात पुसत राहिला. "सांगाडा पुसतो का?"

जाऊन बघ म्हटलं. मग पंखांचा विषय काढला. वहिनी घाईघाईने आत गेली. दादा म्हणाला, हो, आहेत, मी कुठे नाही म्हणतोय. जणू पुराची गोष्ट मीच रचली होती.

जेवताना बाबांची आठवण निघाली. "चूक झाली की नळी बोलायची," दादा म्हणाला. "माझी तर चढल्यापासून उतरेपर्यंत बोलत असायची. धाकट्याची त्याहून जास्त. खाली शेडमध्ये लोक हसायचे." हे तो पदक मिळाल्यासारखं सांगतो. शिव्या खाल्ल्याचाही लोकांना गर्व असतो.

२१ नोव्हेंबर

अखेर दोघे माझ्या घरी आले. एक खिडकीकडे तोंड करून बसला, एक दाराकडे. मधे मी, चहाचा ट्रे घेऊन.

"त्याला सांग, माझं चाक मी देईन. पण परत तेच चाक पाहिजे."

"त्याला सांग, चाकं सारखीच असतात."

"त्याला सांग, सारखी असती तर काकांनी दोन्ही एकालाच नसती दिली?"

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण दोघांनाही तो पटला आणि दोघांनी चहा उचलला.

ठरलं ते असं. रविवारी विमान एक. सोमवारी मिस्त्री पंख उतरवणार आणि ज्याचं त्याच्या घरी जाणार. दोघांनी सह्या केल्या. वारसासाहेबांना फोन केला तर ते गहिवरले. "दोन भावांनी वारसा जपला," म्हणाले. त्यांना फोनवर माझा चेहरा दिसत नाही हे बरं.

२ डिसेंबर

संग्रहालयाच्या शेडमध्ये जोडणी सुरू झाली. मिस्त्री ठेंगणा, अबोल, मधूनमधून विमानाशीच पुटपुटणारा. इंजिन बसलं, चाकं बसली, खालचे पंख बसले. वरच्या पंखांसाठी दोन्ही टोकांना माणूस हवा होता. एकीकडे दादा, एकीकडे धाकटा. पंधरा-वीस फुटांवरून, एकमेकांकडे न बघता.

"मिस्त्री, त्याला सांगा, त्याची बाजू खाली आहे."

"मिस्त्री, त्याला म्हणावं चष्मा पूस."

"चष्मा मी आत्ताच पुसलाय."

"मग डोळे पूस."

वहिनी माझ्या कानात म्हणाली, "बोलले गं." मी म्हटलं, हे बोलणं असेल तर अबोला बरा होता.

मग माझ्याकडचे खांब आणि तारा आल्या. मिस्त्रीने एक तार बोटांत धरून पाहिली, नाकाशी नेली आणि विचारलं, "हिला तेल कोण लावतं?" गंजाच्या वासाने झोप लागत नाही म्हणून, असं सांगितलं. तो हं म्हणाला. त्याने एकेक तार ताणली, टिचकी मारून ऐकली, परत ताणली. संध्याकाळपर्यंत विमान उभं राहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. दोघे भाऊ त्याच्याभोवती फिरत होते, एक उजवीकडून, एक डावीकडून. शेपटीशी समोरासमोर आले आणि दोघेही आल्या वाटेने परतले.

७ डिसेंबर

उडवायला एक तरुण पायलट मुलगी आली आहे. ती एकटीच दोनदा वर जाऊन आली. तपासणी अधिकाऱ्यानेही होकार दिला. मुलगी बरी आहे, पण प्रश्न फार विचारते.

"तुम्हीही शिकलात यावर?"

"बसवायचे. शिकवलं म्हणता येणार नाही."

तिने पिच्छाच पुरवला म्हणून सांगितलं. तेव्हा मी विशीत होते. भावांना बाबा नळीतून सोलून काढत. माझ्या बाबतीत नळी जोडायचे आणि गप्प बसायचे. महिनोन्महिने उडवलं मी, कानात फक्त वारा. मुलीला शिव्या द्यायचेही कष्ट कोण घेतो? सुरुवातीला दोन-चार शब्द बोलले असतील, मग तेही बंद. आणि एक दिवस कहर केला. उतरलो, इंजिन चालू आहे, मी पुढच्या फेरीसाठी विमानाचं तोंड वळवलेलं, आणि हे खाली उतरून शेडकडे चालायला लागले. एक शब्द नाही. वळून बघणंही नाही. कंटाळले असतील, सरळ सांगायचं. मी इंजिन बंद केलं, उतरले आणि घरी गेले. पुन्हा मैदानावर पाऊल टाकलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. जेवताना एकदाच म्हणाले, "तुझी मर्जी."

ती मुलगी पुढच्या बैठकीतल्या पट्ट्याकडे वळली. मग म्हणाली, "उतरताना त्यांनी पुढचा पट्टा बांधला होता?"

"बांधला होता. चांगला आवळून. टापटीप फार होती त्यांना."

"मग तुम्ही..." एवढं म्हणाली आणि थांबली. तिचे डोळे लाल झाले होते. शेडमध्ये धूळ असते. हल्लीच्या मुलांना वाक्य पुरं करायची सवय नाही. माझ्या हाताखाली असती तर पहिल्या आठवड्यात शिकवलं असतं.

११ डिसेंबर

रविवारी पुढच्या बैठकीत घरचं एक माणूस बसवता येईल, असं वारसासाहेब म्हणाले होते. कोण बसणार यावर रणकंदन होईल अशी माझी खात्री होती. दादाने तर दोन आठवड्यांपूर्वीच चामड्याची टोपी काढून उन्हात ठेवलेली.

दुपारी शेडमध्ये गेले तर ती पायलट मुलगी पंखापाशी उभी राहून दोघांना काही सांगत होती. दोघे एकाच बाजूला उभे होते, हे जरा नवल. मला बघून तिघेही गप्प झाले. चाकांवरून काही शिजतंय हे उघड आहे.

थोड्या वेळाने दादा आला. "माझं वजन चालणार नाही म्हणतात."

"मागच्या आठवड्यात चालत होतं."

"वाढलं."

मग धाकटा. "ताई, मला चक्कर येते हल्ली. उंचीवर."

धाकटी बाजूलाच उभी होती. "काल तर टाकी धुवायला गच्चीवर चढलात," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे असं बघितलं की ती बाहेर निघून गेली.

म्हणजे दोघे घाबरले. आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडले, ते उडायची वेळ आल्यावर एकाचं वजन वाढलं आणि एकाला घेरी आली. आता छापील कार्यक्रमात जागा रिकामी दिसू नये म्हणून मी बसायचं. दादाने ती टोपी माझ्या हातात कोंबली. "केस उडतात," म्हणाला. माझे केस बोटभर आहेत.

१३ डिसेंबर

झालं.

भाषणं लांबली. वारसासाहेबांनी 'वारसा' किती वेळा म्हटलं ते मोजणं मी मध्येच सोडून दिलं. मी पुढे बसले. औषधाचा वास अजून आहे. पायलट मुलगी मागे. तिच्याकडून माझ्याशी बोलायची सोय नाही, म्हणून तिने आधीच सांगितलं होतं: "मी दांडा दोनदा हलवला की तुम्ही धरायचा."

मैदान खाली गेलं, शेडचं छप्पर दिसलं आणि दांडा दोनदा हलला. धरला. मला वाटलं, तिला हातमोजा सारखा करायचा असेल किंवा हात अवघडला असेल. पण तिने तो परत घेतलाच नाही. मी नदीपर्यंत नेलं, वळवलं, वारा बाजूने येत होता तो सावरला, परत मैदानावर आणलं, तरी ही ढिम्म. मागे वळून बघितलं तर दोन्ही हात वर करून दाखवले. पगार घेऊन काम दुसऱ्यावर ढकलायचं, सगळीकडे हेच. उतरवायला मात्र तिने घेतलं, तेही मी दांडा हलवल्यावर.

तारा अगदी एका सुरात वाजत होत्या. मिस्त्रीला काम येतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

खाली दादा वाट बघत होता. "एवढा वेळ कुठे हिंडत होतीस? पेट्रोल काय आभाळातून पडतं?"

"आभाळातच होते ना."

धाकटा म्हणाला, "नदीवरचं वळण छान घेतलंस." ते मी घेतलं हे त्याला खालून कसं कळलं, कोण जाणे. मी टोपी परत दिली नाही. वर वारा फार असतो.

१८ डिसेंबर

सोमवारी पंख उतरवायचे होते. शुक्रवार उजाडला. विमान शेडमध्ये जसंच्या तसं उभं आहे.

मिस्त्रीला दादा कळवणार होता. दादा म्हणतो, ते धाकट्याने करायचं ठरलं होतं. धाकटा म्हणतो, दादा करेल, थोरला आहे. रोज संध्याकाळी मात्र दोघे शेडमध्ये हजर असतात. एक चाकांना फडकं मारतो, दुसरा इंजिनखाली ताटली ठेवून तेल गळतंय का बघतो. धाकटी चहाची किटली तिकडेच पाठवते. स्वयंपाकघराची भिंत पुन्हा बाहेर सरकवायला तिने गवंडी लावलाय. सांगाडा परत आला की ठेवणार कुठे, याचा विचार त्या घरात कोणी केलेला नाही. वहिनीनेही गाडी गॅरेजमध्ये आणून लावली. एक साधा फोन करायचा, तो दोन माणसांकडून होत नाही.

मिस्त्री एकतीस तारखेला जाणार हे काल त्याने स्वतः मला सांगितलं. सामान बांधून झालंय. तो गेला की हे पंख उतरवू शकणारं कोणी राहणार नाही. हे मी दोघांनाही स्पष्ट सांगितलं. दादा म्हणाला, "हो का?" धाकटा म्हणाला, "अजून बरेच दिवस आहेत." कशाचंही गांभीर्य नाही.

शेवटी ते काम माझ्याच गळ्यात पडणार. मिस्त्रीचा नंबर माझ्याकडे आहे. पण या आठवड्यात मला इतिहासाची मुद्रितं तपासायची आहेत, पुढच्या आठवड्यात डोळे दाखवायचे आहेत, आणि रविवारी त्या मुलीने पुन्हा बोलावलंय. म्हणते, विमान नुसतं उभं ठेवलं तर खराब होतं. त्यानंतर बघते. एक तारखेला करीन फोन.